सिरॅमिक आणि हस्तकलावाल्यांसाठी संधी : अर्ज कुठे करायचा, गाळा कुठे घ्यायचा, नुसतं बघायला कुठे जायचं?

मृण्मयी_पुणे (धागाकर्ती)

"पणत्या खपल्या, आता पुढे काय?" दिवाळी सरली की स्टुडिओत शिकायला येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी हे विचारतंच. हात बरा बसलेला असतो, घरातली कपाटं मगांनी भरलेली असतात, नातेवाइकांना देऊन झालेलं असतं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर 'ओपन कॉल'ची (म्हणजे अर्ज मागवणारी) चित्रं फिरायला लागतात, तीही बहुतेक मुदत उलटून गेल्यावर. म्हणून हा धागा. मला ठाऊक आहे ते मी मांडते, बाकीच्यांनी भर घालावी.

आधी माझं मत सांगून टाकते. बाजार, प्रदर्शन आणि रेसिडेन्सी (एखाद्या संस्थेत काही काळ राहून काम करणं) ही तीन वेगळी कामं आहेत. एकच माल तिन्हीकडे चालत नाही. बाजारात गिऱ्हाईक हातात धरून बघतं. प्रदर्शनाची निवड समिती तुमचं काम आधी फोटोतच बघते. रेसिडेन्सीवाल्यांना तुम्ही काय केलंय यापेक्षा तिथे येऊन काय करणार आहात याच्याशी मतलब. सगळीकडे तेच दहा फोटो आणि तोच परिचय पाठवणाऱ्यांना मग 'आमचं कुठेच होत नाही' असं वाटत राहतं.

भारतात समकालीन सिरॅमिकसाठी सगळ्यात मोठी घटना म्हणजे इंडियन सिरॅमिक्स ट्रिएनाले. पहिलं २०१८ मध्ये जयपूरच्या जवाहर कला केंद्रात झालं, दुसरं २०२४ मध्ये दिल्लीत अर्थशिला या कलाकेंद्रात. (नाव त्रैवार्षिक असलं तरी मध्ये कोविड आला, त्यामुळे सहा वर्षं गेली.) माधवी सुब्रमण्यन, अंजनी खन्ना, विनीत कक्कर, नेहा कुडचडकर अशा काम करणाऱ्या कलाकारांनीच ते उभं केलंय. तिथे फुलदाण्या मांडून ठेवलेल्या नसतात. कच्ची माती, तुटलेली माती, अख्खी खोली भरणारी मांडणी, आवाज, व्हिडिओ असं सगळं असतं. निवड होवो न होवो, पुढचं जाहीर झालं की बघायला नक्की जा. 'मातीत इतकंही करता येतं' हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढच्या अर्जाची भाषाच बदलते.

शिष्यवृत्त्यांत केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची योजना आहे. वय १८ ते २५, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. तिच्या दृश्यकलांच्या यादीत पॉटरी आणि सिरॅमिक स्पष्ट लिहिलेलं आहे, तरी आपल्याकडची मुलं अर्जच करत नाहीत. पंचविशी ओलांडलेल्यांसाठी ज्युनिअर फेलोशिप (दरमहा १०,०००) आणि चाळिशीपुढच्यांसाठी सीनिअर (दरमहा २०,०००), पण त्यांत संशोधनाचा विषय नेमका मांडावा लागतो.

मुंबईत फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव (१९९९ पासून), पुण्यात डिसेंबरात भीमथडी जत्रा, पणजीत डिसेंबरातच सेरेंडिपिटी कला महोत्सव. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत नंबर लागायला वर्षं जातात, तरी अर्ज टाकून ठेवावा. राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थ्यांचा विभाग वेगळा असतो, कॉलेजात असाल तर तो सोडू नका.

आता तुम्ही लिहा.

---

आळशी_मांजर

वाचनखूण साठवली! मला माती मळता येत नाही, मी निव्वळ विकत घेणारी. तरी गिऱ्हाइकाच्या बाजूने एक सांगू? एखादा मग आवडला की मी आधी तो उलटा करते. तळ खरखरीत असेल तर परत ठेवते, कारण माझ्या टेबलाला ओरखडे पडतात. मग विचारते, मायक्रोवेव्हमध्ये चालेल का, लिंबाचं सरबत चालेल का. यावर गाळ्यावरची व्यक्ती आकाशाकडे बघून "हे हँडमेड आहे" म्हणाली की मी पुढच्या गाळ्यावर.

---

भट्टीवाला_ठाणे

मांजरबाई, तुमच्यासारख्या गिऱ्हाइकांमुळेच मी सगळ्यांना भट्टीतून निघालेल्या प्रत्येक नगाचा तळ पॉलिश पेपरने घासायला लावतो. ओला करून घासायचा, धूळ छातीत जाऊ द्यायची नाही.

संधींच्या यादीत एक गोष्ट राहिली ती म्हणजे भट्टी. स्वतःची इलेक्ट्रिक भट्टी घेण्याआधी बहुतेक जण दुसऱ्याच्या भट्टीत भाजून घेतात आणि खरी ओळखपाळख तिथेच होते. मी बाहेरच्यांचा माल भाजून देतो, तेव्हा नवीन मंडळींसाठी काही गोष्टी स्पष्टच लिहितो.

माती कुठली आणि ती किती तापमानाची हे माहीत नसेल तर माल आणू नका. "स्टोनवेअर (जास्त तापमानाची माती) आहे बहुतेक" यातल्या 'बहुतेक'मुळे माझे भट्टीतले शेल्फ गेलेत. लाल माती हजार अंशांच्या आसपास छान भाजते, तीच १२२० ला नेली तर फुगते, बसते, कधी वितळून शेल्फला चिकटते. तळापासून निदान तीन मिलिमीटर ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) पुसून काढा. ग्लेझ नवीन असेल, ओघळेल की नाही याची खात्री नसेल, तर त्याच मातीची एक चपटी चकती करून भांड्याखाली द्या. ओघळलं तर चकती जाईल, शेल्फ वाचेल. कच्चा माल गालाला लावून बघा. गार लागला तर आत ओल आहे. पावसाळ्यात ठाण्यात जाड नग आठवडा झाला तरी सुकत नाही, आणि घाई केली की तुमचा नग फुटतोच, शिवाय त्याच्या कपच्या शेजाऱ्याच्या ग्लेझमध्ये जाऊन बसतात.

आणि मोजमाप. माती सुकताना आणि भाजताना मिळून दहा-बारा टक्के आकसते. हॉटेलची ऑर्डर घेताना 'दहा सेंटिमीटरची वाटी' असं ठरलं असेल तर चाकावर ती अकराच्या थोडी वर उचलावी लागते. हा हिशोब न करता ऑर्डर घेणारे दरवर्षी भेटतात.

---

गोरोबांचा_नातू

धागा चांगला आहे, ताई. पण आमच्यासारख्यांना यात जागा कुठे, ते शोधतोय.

मी पंढरपूरकडचा, घरात चाक पिढ्यान्‌पिढ्या. आमचं वर्षाचं गणित ठरलेलं : संक्रांतीला सुगडं, उन्हाळ्यात माठ, अक्षय्य तृतीयेला करा-केळी, नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या, मध्ये लग्नसराईची मडकी. आवा (आमची भट्टी) लावायचा तो गोवऱ्या आणि भुसा घालून. ट्रिएनाले वगैरे ऐकायला बरं वाटतं, पण आमच्यापर्यंत पोचतं ते "महोत्सवात या, चाक लावा, लोकांना हात लावू द्या" एवढंच. एका मोठ्या शहरातल्या महोत्सवात मला प्रवासखर्च दिला आणि दिवसभर लहान पोरांचे हात मातीत धरायला लावले. शेजारच्या तंबूत एका कलाकाराची 'मातीशी संवाद' कार्यशाळा चालू होती, तिला फी होती. माती एकच, माझ्याच पोत्यातली. आयोजकांचं नाव घेत नाही, ती माणसं वागायला चांगली होती. पण कलाकार कोण आणि 'प्रात्यक्षिक' कोण हे त्यांच्या मनात आधीच ठरलेलं होतं.

आता उपयोगाचं. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. अठरा धंद्यांत कुंभार आहे. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, त्याचे दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० चं व्हाउचर, आणि कर्ज पहिल्यांदा एक लाखापर्यंत, ते फेडलं की दोन लाखांपर्यंत, पाच टक्के व्याजाने. एका कुटुंबातून एकालाच. अर्ज सेवा केंद्रावर अंगठा देऊन भरायचा, आधी ग्रामपंचायत पडताळते, मग जिल्हा. मी विजेचं चाक यातूनच घेतलं. दुसरं म्हणजे हस्तशिल्प विकास आयुक्तांचं 'पहचान' कार्ड, म्हणजे कारागिराचं ओळखपत्र. ते असलं की गांधी शिल्प बाजारसारख्या सरकारी मेळ्यांत गाळ्यासाठी अर्ज करता येतो. दिल्ली हाटात गाळे पंधरा-पंधरा दिवसांनी फिरते असतात, सूरजकुंडला फेब्रुवारीत मेळा भरतो. राहायची सोय काय, भाड्यातली सवलत किती, हे दर वेळी विचारून घ्या.

माझं म्हणणं एवढंच की ही कार्डं खरोखर या धंद्यावर पोट असणाऱ्यांना मिळावीत. हल्ली शहरात तीन महिन्यांचा कोर्स करून लोक 'कारागीर' म्हणून रांगेत उभे राहतात आणि इंग्रजीत अर्ज भरून पुढे जातात.

---

अनुस्वार

नातूसाहेब, शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत नाही. कार्ड हस्तकलेवर उपजीविका करणाऱ्यासाठी आहे, जन्मावर नाही. मुंबईत भाड्याच्या खोलीत भट्टी लावून त्यावरच घर चालवणारी मुलगी कारागीर नाही का?

---

गोरोबांचा_नातू

आहे की. तिच्या पोटावर माझं काही म्हणणं नाही. नवऱ्याच्या पगारावर स्टुडिओ आणि कार्डावर गाळा, अशांबद्दल बोलतोय. फरक तुम्हालाही कळतो.

---

मृण्मयी_पुणे

दोघांनाही : कार्ड कुणाला द्यायचं हे आपण इथे ठरवू शकणार नाही. पण नातूदादांनी तंबूचा मुद्दा काढलाय तो मी सोडणार नाही, कारण ते आपल्या हातात आहे. आपल्यापैकी बरेच जण कार्यशाळा घेतात, महोत्सवांच्या आयोजकांशी बोलणी करतात. कुंभार बोलावला की त्याच्या नावाने फी लावायची, जाहिरातीत त्याचं नाव आपल्याच आकारात छापायचं, आणि माती त्याची असेल तर मातीचे पैसे वेगळे द्यायचे. मी यापुढे बोलणी करताना या तीन गोष्टी आधीच लिहून घेणार आहे.

आणि दादा, प्रदर्शनाचा रस्ता कुंभाराला बंद आहे असं मानू नका. भाईंदरचे ब्रह्मदेव पंडित कुंभाराच्याच घरातले, बिहारमधून आलेले. त्यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली आणि शहरातले कित्येक स्टुडिओवाले त्यांच्याकडे शिकलेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला ग्रामोदय संघ आहे, कृष्णमूर्ती मिरमिरांनी उभा केलेला. तिथे कुंभारांसाठीच काम सुरू झालं आणि पुढे कलाशाळांतली मुलंही मोठं काम करायला तिथे जायला लागली. विदर्भातल्या मंडळींना तर हे घराजवळ आहे.

---

बडोदेकर

आमच्या बडोद्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. इथल्या फाइन आर्ट्समध्ये सिरॅमिक शिल्पकला विभागात शिकवलं जातं, आणि ज्योत्स्ना भट यांनी कितीतरी वर्षं इथे शिकवलं. २०२० मध्ये त्या गेल्या. त्यांची मांजरं, घुबडं, झाकणाच्या बरण्या पाहिल्या की 'उपयोगाची वस्तू की कला' हा वाद किती फोल आहे ते कळतं.

शिकण्याच्या जागा थोडक्यात : पाँडिचेरीची गोल्डन ब्रिज पॉटरी, १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी काढलेली. वर मृण्मयीताईंनी ज्यांची नावं घेतली त्यांच्यापैकी बरेच तिथे शिकलेले. हिमाचलात अंद्रेटा पॉटरी, सरदार गुरचरण सिंगांच्या घराण्याची. अहमदाबादेत एनआयडीला (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) सिरॅमिक आणि काच डिझाइन. मुंबईत जे.जे. कला महाविद्यालय तर आहेच, तिथे १८७० च्या दशकात जॉर्ज टेरींनी पॉटरी सुरू केली होती. दिल्लीत ललित कला अकादमीच्या गढी स्टुडिओत सिरॅमिकची सोय आहे.

माती मात्र आम्ही गुजरातेतली वापरतो आणि पुणेकरांपेक्षा स्वस्तात मिळवतो. हे जळवायला लिहिलं.

---

भट्टीवाला_ठाणे

जळलो. वाहतुकीत मातीपेक्षा टेम्पोचं भाडं जास्त होतं आमचं.

---

स्टोकवाली_सून

मी गेली काही वर्षं स्टोक-ऑन-ट्रेंटला. इंग्लंडातलं कुंभारांचं गावच हे, बाटलीच्या आकाराच्या जुन्या भट्ट्या अजून उभ्या आहेत. लाँग्टनला ग्लॅडस्टोन पॉटरी म्युझियममध्ये त्यांच्या आत शिरून बघता येतं. भिंतींवर वर्षानुवर्षांच्या धुराची पुटं आहेत. इथे २००९ पासून ब्रिटिश सिरॅमिक्स बिनाले होतं, दर दोन वर्षांनी. नुकतीच पदवी घेतलेल्यांसाठी त्यात 'फ्रेश' नावाचा वेगळा विभाग असतो. ज्यांची मुलं इथे सिरॅमिक शिकायला येतायत त्यांनी लक्षात ठेवा. भारतातून थोड्या काळासाठी ब्रिटनमध्ये येऊन काम करायचं असेल तर चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टची मदत आहे.

बाहेरच्या देशांत अर्ज करणाऱ्यांना एक सांगते. 'रेसिडेन्सी' म्हटलं की फुकट राहणं-खाणं असं समजू नका. जपानमध्ये शिगाराकीला सिरॅमिक पार्कात दोन प्रकार आहेत. निमंत्रित पाहुणे कलाकार वेगळे, आणि अर्ज करून, पैसे भरून स्टुडिओ वापरणारे वेगळे. दोन्ही चांगलेच. पण पत्र आल्यावर घरात पेढे वाटण्याआधी आपण कुठल्या रांगेत आहोत ते वाचा. हॉलंडचं ईकेडब्ल्यूसी, डेन्मार्कचं गुल्डागेरगार्ड, अमेरिकेत मोंटानातलं आर्ची ब्रे, ही सगळी नावाजलेली ठिकाणं, पण प्रत्येकाचे नियम निराळे.

---

अनुस्वार

स्पर्धांचं कुणी लिहा. इटलीतल्या फाएन्झाचं नाव ऐकतो, कोरियाचंही.

---

मृण्मयी_पुणे

फाएन्झाची स्पर्धा १९३८ पासूनची, आता आंतरराष्ट्रीय आणि दोन वर्षांनी. कोरियात ग्यॉन्गी बिनाले इचॉन, ग्वांगजू, योजू या तीन गावांत मिळून होतं, २००१ पासून. जपानात मिनोचा महोत्सव दर तीन वर्षांनी. सिरॅमिकपुरतीच नसलेली लोएवे क्राफ्ट प्राइझ आहे, ५०,००० युरोंची. २०२५ मध्ये ती जपानच्या कुनिमासा आओकींना टेराकोटाच्या कामासाठी मिळाली आणि आपल्या सुमाक्षी सिंग यांच्या स्टुडिओला धाग्याच्या कामासाठी खास उल्लेख मिळाला. म्हणजे दार उघडं आहे.

पण खर्चाचं आधी बघा. मोठ्या स्पर्धांत पहिली फेरी फोटोंवर होते, तिला फारसा खर्च नाही. निवड झाल्यावर काम पाठवायचं कुणी, विमा कुणाचा, परत आणायचं कुणी, हे नियमावलीच्या शेवटच्या पानांवर असतं. ती पानं आधी वाचा. प्रदर्शनापुरतं काम बाहेर नेऊन परत आणायचं असेल तर 'एटीए कार्नेट' नावाचा कागद लागतो, भारतात तो फिक्की ही उद्योगसंघटना देते. तो नसेल तर परत येताना आपल्याच भांड्यावर कस्टम भरायची वेळ येऊ शकते.

---

शिकागोकर

अमेरिकेत असलात तर एनसेकाच्या (तिथल्या सिरॅमिक शिक्षणाच्या संघटनेच्या) वार्षिक परिषदेला जाच. दरवर्षी वेगळं शहर, साधारण मार्चमध्ये. व्याख्यानं, चाकावरची प्रात्यक्षिकं, साहित्याची दुकानं आणि गावभर प्रदर्शनं. माझं आवडतं म्हणजे तिथली कपांची विक्री. नावाजलेले कलाकार आपला एकेक कप देतात, विकून आलेला पैसा विद्यार्थ्यांच्या मदतीला जातो, आणि त्या कपांसाठी लोक भल्या पहाटे रांग लावतात. आपल्याकडे हे सहज करता येईल. मंडप नको, पाहुणे नकोत, एक टेबल आणि कप.

---

भट्टीवाला_ठाणे

हे झकास आहे. माझ्या भट्टीत भाजणाऱ्या प्रत्येकाने वर्षाला एक कप द्यायचा, विक्रीतून एका होतकरू पोराचं वर्षभराचं भाजणं फुकट. नातूसाहेब, तुमचा पहिला कप पाहिजे. पण तुमची माती १२२० ला नेणार नाही, तुमच्यासाठी हजाराचा वेगळा फेरा लावीन.

---

गोरोबांचा_नातू

कप कशाला, सुगड देतो. कान लावून पाहिजे असेल तर कान लावून देतो.

---

डिचोलीकर

गोव्यातून थोडं. सेरेंडिपिटीत आम्ही दरवर्षी जातो. डिसेंबरात पणजी भरून जाते. त्यात हस्तकलेचा विभाग क्युरेटर ठरवतात, त्यामुळे तिथे गाळा मांडून आपले मग विकायचे हे डोक्यातून काढा. क्युरेटरला आपलं काम ठाऊक असावं लागतं. त्यासाठी वर्षभर इन्स्टाग्रामवर आपलं काम नीट, तारीखवार दिसत राहू द्या. आमच्या डिचोलीत मातीकाम जुनं आहे, पण तरुण पोरं हॉटेलात नोकरीला. ज्यांना गोव्यात कार्यशाळा करायच्या आहेत त्यांनी किनाऱ्यावरचे रिसॉर्ट सोडून एकदा इकडेही यावं.

---

नवशिकी_नाशिक

सगळ्यांना दंडवत. मी कालच पहिल्या बाजारासाठी गाळ्याचा अर्ज भरला. फोटो मोबाइलवर काढलेले चालतात का? आणि किती माल न्यायचा?

---

मृण्मयी_पुणे

मोबाइल चालतो. खिडकीशेजारी, दुपारच्या आधी, दिवा बंद करून. मागे पांढरा किंवा राखाडी मोठा कागद भिंतीवरून टेबलावर वळवून सोड, घडी पडू देऊ नकोस. फुलं, कॉफीचे दाणे, दालचिनी काही ठेवू नकोस. एका नगाचा एक फोटो समोरून, एक तळाचा, एक हातात धरलेला, म्हणजे आकार कळतो.

मालाचं म्हणशील तर हिशोब उलटा कर. समजा गाळ्याचं भाडं, टेम्पो, मदतनीस मिळून १८,००० जातात आणि एका नगामागे माती, ग्लेझ, भट्टी वजा जाऊन ३०० उरतात, तर पहिले साठ नग फक्त भाड्यासाठी विकायचेत. तेवढे नग रोज उठून उभं राहून विकणं झेपेल का, ते ठरव. निदान एक वस्तू दोनशेच्या आत ठेव. कान नसलेली छोटी वाटी, चमचा ठेवायची चकती, असं काहीही. गर्दी तिच्यामुळे थांबते आणि मग मोठ्या नगाकडे नजर जाते.

बांधाबांध : मगाच्या आत आधी कागद कोंब, कानाच्या भोकातही कोंब, मग बाहेरून गुंडाळ. खोक्यात खोकं घाल, मध्ये चार बोटं मोकळी सोडून ती पेंढ्याने भर. हलवून बघ, आतून आवाज आला तर परत उघड.

---

आळशी_मांजर

नाशिकवाली, गाळा कुठे आहे ते विपूत (विचारपुशीत) कळव. तळ घासून ठेव म्हणजे झालं.

---

नवशिकी_नाशिक

कळवते. पॉलिश पेपर कितव्या नंबरचा घ्यायचा, भट्टीवाले काका?

---

भट्टीवाला_ठाणे

आधी १२०, मग ४००. दोन्ही वॉटरपेपर, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. काका नको, दादा म्हण.